चियांग माईत नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी: ‘आम्फो मुआंग’ समजून घेण्याच्या पायऱ्या

नोकरी, शिक्षण किंवा दीर्घ मुक्कामासाठी चियांग माईत येणारा मराठी माणूस पहिल्या आठवड्यात हमखास एका प्रश्नापाशी अडतो: आपण नेमके राहतो कुठे? घरमालक ‘चियांग माई’ म्हणतो, पत्त्यावर ‘आम्फो मुआंग चियांग माई’ असते, कचऱ्याच्या गाडीवर ‘थेसाबान नाखोन चियांग माई’ लिहिलेले असते, आणि पर्यटकांच्या नकाशात मात्र खंदकाने वेढलेला एक चौकोन म्हणजेच शहर. ही चारही नावे बरोबर आहेत, पण ती चार वेगवेगळ्या हद्दींची आहेत. कोणत्या कामाला कोणती हद्द लागू होते, एवढे कळले की निम्मे हेलपाटे वाचतात. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत आणि त्या दिलेल्या क्रमाने घेतल्यास सोयीचे पडते.

पहिली पायरी: पत्ता उलगडून वाचा

थाई पत्ता आपल्यासारखाच लहानाकडून मोठ्याकडे जातो. आधी घरक्रमांक, मग असल्यास ‘मू’ म्हणजे गावाचा क्रमांक, मग ‘सोय’ म्हणजे गल्ली, ‘थानोन’ म्हणजे रस्ता, त्यानंतर तांबोन, आम्फो, चांग्वात आणि शेवटी टपाल क्रमांक. चांग्वात म्हणजे आपला जिल्हा, आम्फो म्हणजे तालुका आणि तांबोन म्हणजे काही गावांचा किंवा वस्त्यांचा गट, असे ढोबळमानाने धरायला हरकत नाही. चियांग माई चांग्वातात एकूण २५ आम्फो आहेत. ज्या आम्फोत जिल्ह्याचे ठाणे असते त्याच्या नावाआधी ‘मुआंग’ लागतो. थायलंडभर हाच नियम आहे. अपवाद फक्त अयुथ्थयाचा, तिथल्या मुख्य आम्फोचे नाव नुसतेच ‘फ्रा नाखोन सी अयुथ्थया’ असे आहे.

पत्त्यात ‘मू’ आहे की नाही, याकडे नवखे लोक लक्ष देत नाहीत, पण हा फार उपयोगी धागा आहे. ‘मू’ आणि त्यामागून आकडा असेल, तर ती जागा अजून गावांच्या व्यवस्थेत असण्याची शक्यता मोठी असते. नुसता रस्ता आणि घरक्रमांक असेल, तर बहुधा ती नगरपालिकेच्या जुन्या हद्दीत येते. घरक्रमांकातली तिरपी रेघ आपल्या ओळखीची आहे. १२/४ म्हणजे बारा क्रमांकाच्या मूळ जागेचे पुढे पोटभाग पडले आणि त्यातला हा चौथा. त्यामुळे १२/४ च्या शेजारी १२/५ असेलच याचा मात्र भरवसा धरू नये.

मुआंग चियांग माई आम्फोत १६ तांबोन आहेत. खंदकाच्या आतला भाग मुख्यतः सी फूम आणि फ्रा सिंग या दोन तांबोनांत विभागलेला आहे. दक्षिणेला हाईया, पूर्वेला चांग मोय आणि चांग ख्लान, उत्तरेला चांग फुआक, पश्चिमेला डोंगरासह सुथेप, पिंग नदीपलीकडे वात केत. पा तान, फा हाम, नोंग होय, था साला, नोंग पा ख्रांग, पा देत, माए हिया आणि सान फी सुआ हे बाकीचे. सगळे पाठ करण्याची गरज नाही. आपला तांबोन आणि त्याला लागून असलेले दोन-तीन लक्षात ठेवले तरी पुरे. टपाल क्रमांकावर मात्र विसंबू नका, कारण ५००००, ५०१००, ५०२०० आणि ५०३०० हे चारही क्रमांक याच एका आम्फोत चालतात.

दुसरी पायरी: कारभाराच्या दोन रांगा वेगळ्या ओळखा

थायलंडमध्ये एकाच जागेवर कारभाराच्या दोन रांगा एकावर एक पडलेल्या असतात. हे ध्यानात न आल्यामुळे माणूस भलत्या खिडकीसमोर तासभर उभा राहतो. मीही राहिलो आहे, आणि चूक सर्वस्वी माझी होती.

पहिली रांग सरकारी नेमणुकीची. चांग्वातचा प्रमुख म्हणजे राज्यपाल, पण हा शब्द ऐकून राजभवन डोळ्यांपुढे आणू नये. कामाच्या दृष्टीने तो आपल्या जिल्हाधिकाऱ्याच्या जवळ जातो. त्याच्या खाली ‘नाय आम्फो’, म्हणजे साधारणपणे आपला तहसीलदार. हे दोघेही गृहमंत्रालयाचे अधिकारी असतात आणि त्यांची बदली होते. त्यांच्याही खाली तांबोनाचा ‘कामनान’ आणि गावाचा ‘फूयाईबान’. हे दोघे मात्र स्थानिक लोकांतूनच निवडले जातात, तरी त्यांचे काम सरकारच्याच रांगेत चालते. आपल्याकडचा सरपंच आणि पोलीस पाटील एकाच माणसात एकवटले, तर जे होईल ते म्हणजे फूयाईबान.

दुसरी रांग लोकांनी निवडलेल्या स्थानिक संस्थांची. जिल्हाभरासाठी प्रांतिक प्रशासन संस्था, तिला सगळे ‘ओबोचो’ या आद्याक्षरांनी ओळखतात आणि ती आपल्या जिल्हा परिषदेच्या जागी मानता येईल. शहरी भागासाठी थेसाबान म्हणजे नगरपालिका, ग्रामीण भागासाठी ‘ओबोतो’. थेसाबानच्याही तीन पायऱ्या आहेत: मोठ्या शहरासाठी नाखोन, मध्यम शहरासाठी मुआंग आणि लहान वस्तीसाठी तांबोन. इथेच नवख्याचा गोंधळ होतो, कारण ‘मुआंग’ आणि ‘तांबोन’ हे शब्द पहिल्या रांगेत एका अर्थाने आणि दुसऱ्या रांगेत निराळ्या अर्थाने येतात. माए हिया हेच पाहा. पहिल्या रांगेत तो मुआंग चियांग माईतला एक तांबोन. दुसऱ्या रांगेत तो ‘थेसाबान मुआंग’, म्हणजे स्वतःची स्वतंत्र नगरपालिका असलेले गाव.

मराठी वाचकाला इथे एक आयती सोय आहे. हे शब्द परके वाटतात, पण त्यांतले बरेचसे आपल्याच घरातून तिकडे गेलेले आहेत. नाखोन म्हणजे नगर. थेसाबान म्हणजे देशपाल. नगराध्यक्षाला म्हणतात नायोक थेसामोन्त्री, म्हणजे नायक देशमंत्री. उच्चार ऐकून हे लक्षात येत नाही. थाई लिपीतले हिज्जे पाहिले की मूळ शब्द ओळखू येतो, कारण उच्चारातून गळालेली अक्षरे हिज्ज्यांत जपून ठेवलेली असतात. लिपी शिकण्याचा कंटाळा करणाऱ्यांना मी हे कारण आवर्जून सांगतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. थेसाबान नाखोन चियांग माईची हद्द सुमारे ४० चौरस किलोमीटरची आहे, तर संपूर्ण आम्फोचे क्षेत्र सुमारे १५२ चौरस किलोमीटर. म्हणजे ‘आम्फो मुआंगमध्ये राहतो’ म्हणणारा प्रत्येक जण शहर नगरपालिकेत राहतोच असे नाही. काही तांबोन पूर्णपणे नगरपालिकेत आहेत, सुथेप किंवा चांग फुआकसारखे अर्धे आत नि अर्धे बाहेर आहेत, आणि माए हिया व सान फी सुआ पूर्णतः बाहेर. शहराच्या हद्दीत कामनान आणि फूयाईबान ही पदेच नसतात. तिथे वस्त्यांच्या समित्या असतात आणि नगरपालिकेने हद्दीचे चार ख्वेंग, म्हणजे चार प्रभाग, पाडले आहेत: नाखोन पिंग, कावीला, मेंगराय आणि सी विचाय.

यातून व्यवहाराचा नियम असा निघतो. कचरा, गटार, गल्लीतला दिवा, बांधकामाचा परवाना ही कामे थेसाबानची. घराच्या नोंदीचे ‘थाबियान बान’ पुस्तकही, घर शहराच्या हद्दीत असेल तर नगरपालिकेच्याच नोंदणी विभागात होते. तिथे थेसाबान स्वतः निबंधकाचे काम करते. परदेशी माणसासाठीचे पिवळ्या वेष्टनाचे पुस्तकही याच नियमाने चालते. विवाहनोंदणी मात्र आम्फोच्या कचेरीतच होते, घर कोणत्याही हद्दीत असो. नगरपालिकेची इमारत चांग मोय तांबोनात, पिंग नदीच्या काठी, वांग सिंग खाम रस्त्यावर आहे. राज्यपालांचे कार्यालय असलेली प्रांतिक कचेरी उत्तरेला चोताना रस्त्यावर, चांग फुआक तांबोनात आहे. टॅक्सीवाल्याला नुसते ‘सरकारी कचेरी’ सांगितल्यास तो यांपैकी कुठेही नेऊन सोडील.

व्हिसा आणि परदेशी नागरिकांच्या नोंदी या दोन्ही रांगांबाहेर, पोलिसांच्या इमिग्रेशन विभागाकडे असतात. परदेशी पाहुणा राहायला आला की चोवीस तासांत त्याची वर्दी देणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. ती दिली आहे ना हे भाडेकरूने पहिल्याच दिवशी विचारून पावतीची प्रत मागून घ्यावी, कारण पुढच्या प्रत्येक अर्जात तिची गरज पडते. सलग नव्वद दिवस देशात राहिल्यास पत्त्याची वर्दी आपण स्वतः द्यायची असते. इमिग्रेशनची चौकशी ११७८ वर, सरकारी कारभाराविषयीची तक्रार १५६७ वर, पर्यटक पोलीस ११५५ वर आणि रुग्णवाहिका १६६९ वर. भारताचे वाणिज्य दूतावासही याच आम्फोत आहे.

तिसरी पायरी: खंदकाला एक फेरी मारा

हा कारभार असा का बनला, हे पुस्तकापेक्षा पायी चालून लवकर कळते. जुन्या शहराचा चौकोन प्रत्येक बाजूला साधारण दीड किलोमीटरचा आहे. सकाळी सहाला निघावे. ऊन चढायच्या आत फेरी होते.

सुरुवात ईशान्य कोपऱ्यापासून करावी. कोपऱ्याला इथे ‘चेंग’ म्हणतात आणि या कोपऱ्याचे नाव सी फूम, म्हणजे श्रीभूमी. राजा मांगरायने १२९६ मध्ये शहर वसवले. त्याआधी त्याची राजधानी पिंगच्या काठी विआंग कुम काम येथे होती, पण तिथे पुराचा त्रास फार होता, म्हणून त्याने नदीपासून जरा वर, डोंगराच्या उतारावरची जागा निवडली. शहराचे जुने औपचारिक नाव ‘नोपबुरी सी नाखोन पिंग चियांग माई’ असे आहे: नवपुरी, श्री, नगर, पिंग, आणि शेवटी ‘नवे कोटबंद शहर’ या अर्थाचे तिथले बोलीचे शब्द.

तिथून पश्चिमेकडे चालत गेल्यास उत्तरेचे चांग फुआक म्हणजे पांढऱ्या हत्तीचे दार लागते, आणि पुढे वायव्येला हुआ लिन कोपरा. डोंगरावरच्या हुआय केओ ओढ्याचे पाणी पूर्वी इथून शहरात घेत. नावातच पाण्याच्या पन्हळीचे तोंड आहे. मग सुआन दोक दरवाजा, नैर्ऋत्येचा कू हुआंग कोपरा, दक्षिणेला सेन पुंग आणि चियांग माई हे दोन दरवाजे. सेन पुंगमधून पूर्वी प्रेते बाहेर नेत. आग्नेयेला येतो काताम कोपरा. काताम म्हणजे मासे धरण्याचा सापळा. पाणी वायव्येला शिरते आणि आग्नेयेला, सगळ्यांत सखल जागी, जमा होते. तिथे मासे सापडत, म्हणून हे नाव. आजही या कोपऱ्यावरून खंदकाकडे पाहिले तर शहराचा उतार कोणत्या दिशेला आहे ते नावासकट कळते. शेवटी पूर्वेचे था फे दार. आजचे दिसते ते १९८० च्या दशकातले पुनर्बांधणीचे.

खंदकाच्या आत गेल्यावर वात चेदी लुआंग (वात म्हणजे मंदिर) चुकवू नये. तिथला भव्य स्तूप १५४५ च्या भूकंपात वरून ढासळला, आणि त्याच आवारात शहराचा आधारस्तंभ आहे. त्याला ‘इंथाखिन’ म्हणतात, म्हणजे इंद्रखील. प्राचीन नगरद्वाराच्या खांबाला पालीत हाच शब्द आहे, हे कळल्यावर मला त्या लहानशा बंद मंदिरापुढे थोडे थांबावेसे वाटले. शहराबाहेर, चांग फुआक तांबोनातच वात चेत योत आहे. तिथे राजा तिलोकराजाच्या काळात, १४७७ मध्ये, बौद्ध संगीती भरली होती, आणि मंदिराची घडण बोधगयेच्या महाबोधी मंदिरावरून घेतलेली आहे.

१५५८ मध्ये शहर ब्रह्मी सत्तेखाली गेले. दोन शतकांनंतर, १७७४-७५ मध्ये, सयामच्या मदतीने ते सुटले खरे, पण इतके उद्ध्वस्त झाले होते की पुढची सुमारे वीस वर्षे ओसच पडले. १७९६ मध्ये कावीला या स्थानिक राजाने पुन्हा वस्ती केली. माणसे नव्हती, म्हणून त्याने साल्वीन नदीच्या बाजूची आणि आजच्या म्यानमारमधल्या केंगतुंगची गावेच्या गावे आणून वसवली. ‘भाजी टोपलीत भरावी, माणसे शहरात भरावीत’ ही त्या काळच्या धोरणाची म्हण आजही ऐकू येते. हाईया तांबोनात वुआ लायच्या चांदीकारांच्या आळ्या आहेत, त्या या वस्तीतूनच आलेल्या. म्हणजे तांबोनांच्या सीमा नुसत्या कागदावरच्या नाहीत. त्यांच्या खाली कोण कुठून आणून वसवला, याचा जुना हिशेब आहे.

नदीपलीकडचा वात केत हा त्याच्या उलट, आपणहून आलेल्यांचा भाग: चिनी व्यापारी, मिशनरी आणि सागवानाच्या कंपन्या. इथे मुंबईचा धागा खराखुरा जुळतो. १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या जंगलांत सागवान तोडत होती, आणि सागवानवाल्या इंग्रजांनी १८९८ मध्ये पिंगच्या पूर्वकाठी क्लब काढला, त्याचे नावही ‘जिमखाना’. जंगलाच्या मक्त्यांवरून ब्रिटिश प्रजाजन आणि स्थानिक राजे यांच्यात तंटे वाढले. ते मिटवण्यासाठी १८७४ आणि १८८३ मध्ये सयाम आणि ब्रिटिश यांच्यात करार झाले, त्यांपैकी पहिला ब्रिटिश हिंदुस्थान सरकारशी. तंटे सोडवायचे तर बँकॉकचा माणूस इथे हवा, म्हणून आयुक्त आला. आयुक्तामागून कचेरी आली, आणि कचेरीमागून कर. आजच्या आम्फोचे बीज या सागवानाच्या ओंडक्यांत आहे, असे माझे मत आहे.

१८९० च्या दशकात गृहमंत्री राजपुत्र दामरोंग यांनी देशभर ‘मोन्थोन’, म्हणजे मंडले, पाडायला सुरुवात केली. चियांग माईचे मोन्थोन पुढे ‘फायाप’ या नावाने ओळखले जाऊ लागले. फायाप म्हणजे वायव्य, अर्थातच बँकॉकवरून पाहिलेली वायव्य. नावातूनच सत्तेचा पत्ता बदलला होता. १९२१-२२ मध्ये बँकॉकहून ७५१ किलोमीटरचा लोहमार्ग येऊन पोहोचला आणि आठवड्यांचे अंतर दिवसावर आले. १९३२ च्या सत्तांतरानंतर मोन्थोन रद्द झाली, चांग्वात हाच वरचा घटक ठरला, १९३८ मध्ये मुख्य आम्फोंना आजच्या पद्धतीची ‘मुआंग’ नावे मिळाली, आणि १९३९ मध्ये चियांग माईचे शेवटचे राजे केओ नवरात वारले, तेव्हा ती गादी कायमची मोकळी राहिली.

जुन्या कागदपत्रांतल्या सनावळीबद्दल एक सूचना इथेच. थाई कागदांवर बौद्ध संवत असतो आणि त्यातून ५४३ वजा करायचे असतात. पण १९४१ पूर्वी तिथले वर्ष १ एप्रिलला सुरू होई; त्यामुळे त्याआधीच्या जानेवारी ते मार्चमधल्या तारखांसाठी ५४२ वजा करावे लागतात. जुन्या जमिनीच्या किंवा घराण्याच्या नोंदी पाहणाऱ्याला याचा उपयोग होतो. भाडेकरारापुरते ५४३ पुरे.

चौथी पायरी: जमिनीचा उतार पाहूनच घर घ्या

आम्फोची भूमी एका वाक्यात सांगता येते: पश्चिमेला सुमारे १,६७० मीटर उंचीचा डोई सुथेप, पूर्वेला पिंग नदी, आणि मधला समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवरचा उतरता पट्टा. डोंगरावरचे फ्रा थात मंदिरही प्रशासनाच्या दृष्टीने सुथेप तांबोनात, म्हणजे शहराच्याच आम्फोत येते. तिथे जाणारा रस्ता ख्रुबा सीविचाय या भिक्षूच्या पुढाकाराने, लोकांच्या श्रमदानातून, १९३४-३५ मध्ये सहा महिन्यांच्या आत झाला.

खोरे चहूबाजूंनी वेढलेले असल्याने फेब्रुवारी ते एप्रिल या काळात शेतातला आणि जंगलातला धूर साचून राहतो. दमा असलेल्यांनी त्या महिन्यांत मुक्काम टाळावा, हे स्पष्टच सांगतो.

पुराचा विचार मात्र बाराही महिने करायला हवा, कारण घर पावसाळ्यात घेतले जातेच असे नाही. नदीची पातळी नवरात पुलाजवळच्या ‘पी १’ या मापनकेंद्रावर मोजली जाते आणि ३.७० मीटर ही तिची धोक्याची रेषा. ऑक्टोबर २०२४ मध्ये पाणी ५.३० मीटरपर्यंत चढले होते. कोणत्या पातळीला कोणता भाग बुडतो याचे सात टप्प्यांचे नकाशे उपलब्ध आहेत. पाणी पहिल्यांदा शिरते ते चांग ख्लान आणि पा देतच्या नदीकाठच्या वस्त्यांत, तर सुथेपच्या उतारावर नदीचा पूर पोहोचत नाही, तिथे भीती डोंगरावरून येणाऱ्या ओढ्यांची असते. घर पाहायला जाताना दलालाला ‘इथे पाणी येते का’ असे विचारू नये. ‘पी १ किती झाल्यावर येते’ असे विचारावे. आकडा सांगणारा माणूस तिथे राहिलेला असतो. आणि तो नसेल, तर गल्लीतल्या कुंपणाच्या भिंती नीट पाहाव्यात: रंग नवा दिला नसेल तिथे गुडघ्याच्या किंवा कमरेच्या उंचीवर गढूळ पाण्याची एक सरळ, आडवी रेघ अजून दिसते.